थंडीत तळपायांची आग होते, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की मधुमेहामुळे न्यूरोपॅथी, म्हणजे नसांचा बिघाड, आहे, गारठा वाढला की तळवे चरचरतात, मुंग्या येतात, फरशीवर पाय टेकवत नाही आणि रात्री सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसता.

ते आजपासून बंद करा. 'सोसवेल इतक्या' हे शब्द वाचले म्हणूनच लिहायला बसले. हा सल्ला देणारं कुणीतरी घरोघरी असतं, आणि मी त्यावर कायम भांडत आलेय. किती गरम सोसवतं ते ठरवणार कोण? तेच पाय ना, ज्यांच्या नसा बिघडल्यात! न्यूरोपॅथीत आग आणि बधिरपणा एकाच तळव्यात नांदतात. बोटांशी चादर लागली तरी कळ येते, आणि टाचेला चटका बसला तरी पत्ता लागत नाही. भाजायला उकळतं पाणीच लागतं असंही नाही. ४४ अंशांची ऊब पाच-सहा तास एका जागी राहिली तरी कातडी भाजते. पायाशी शेकाची पिशवी घेऊन झोपलं की नेमकं हेच होतं. सकाळी मोजा ओलसर लागतो, काढून बघावं तर टाचेवर पाण्याने भरलेला फोड. दुखत नाही म्हणून दिवसभर त्यावरच चालणं होतं, मग तो चिघळतो.

पिशवी वापरायचीच तर झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात ठेवा आणि आत शिरताना बाहेर काढा. पाय धुवायचं पाणी ३७ अंशांच्या वर नको. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, हातालाही मुंग्या येत असतील तर दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. पाय भिजत ठेवू नका. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

खरी ऊब पोटा-पाठीकडून पायात उतरते. धड गार पडलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, मग तळव्यांना कितीही शेका. म्हणून आधी बंडी, कानटोपी, पोटऱ्या झाकणारी विजार, आणि मोजे पाय गार पडायच्या आधी. आत पातळ, वर लोकरीचा सैल. दोन घट्ट मोजे एकावर एक चढवले तर रक्तही अडतं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. सुती मोजा घामाने भिजला की बदला. घरातही तळ जाड असलेली चप्पल हवी. चादरीचा स्पर्श खुपत असेल तर पायांवर खोका आडवा ठेवून पांघरूण त्यावरून घ्या.

आणि 'थंडी सगळ्यांनाच वाजते, तुझ्या मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांसाठी: गारवा ओळखणारं टीआरपीएम८ नावाचं प्रथिन नसांच्या टोकांवर असतं. ते शोधणाऱ्यांत डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन होते. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. नस बिघडली की साध्या गारव्याचाही निरोप मेंदूपर्यंत वेदना होऊन पोचतो. याला मन काय करणार?

औषधांचं थोडक्यात. साध्या वेदनाशामक गोळ्या या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. नसांच्या वेदनेवरची प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटीन वगैरे औषधं डॉक्टरच देतील, पण सुरू झाल्यावर मनाने एकदम थांबवू नका. कॅप्सेसिनचं, म्हणजे मिरचीतल्या तिखट घटकाचं, ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावतात. सुरुवातीला आग वाढते, गुण यायला काही आठवडे जातात. गरम पाण्याच्या अंघोळीच्या आगेमागे किंवा फुटलेल्या कातडीवर मुळीच लावू नका, लावल्यावर हात साबणाने धुवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

हे सगळं दोन्ही पायांच्या सारख्या दुखण्याबद्दल झालं. बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनोचा, म्हणजे गारठ्याने बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचा, त्रास असू शकतो, त्याची तपासणी वेगळी. एकच पाय अचानक गार आणि फिकट पडला तर थंडी म्हणून पांघरूण घेऊन बसू नका, तडक इस्पितळ गाठा.