खाणीतील डिझेलचा धूर आणि भरपाईच्या दाव्याची मुदत

भंडारा जिल्ह्यातील भूमिगत मँगनीज खाणीत डिझेल लोडर चालवणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. गॅलरीतला (खाणीतील बोगद्यातला) पंखा वारंवार बंद असे, हवेची नळी फाटलेली होती, धूर तासन्‌तास कोंडून राहत असे आणि आता दोन जिने चढले तरी धाप लागते. भरपाई मिळेल का, असे ते विचारतात. याच आशयाची पत्रे नागपूर-चंद्रपूरकडूनही येतात.

खाणीत पुरेशी हवा खेळती ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे सांगण्यात जागा दवडत नाही. आपला दावा तरेल किंवा बुडेल तो कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम १० वर. दाव्याला मुदत दोन वर्षांची आहे, आणि व्यावसायिक आजारात, म्हणजे कामामुळे जडलेल्या आजारात, ती, आजारामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला त्या पहिल्या दिवसापासून मोजतात. जून २०२३ पासून आपण रजेवर आहात, असे लिहिता. ते खरे धरले तर मुदत जून २०२५ मध्येच संपली. मात्र पत्राच्या शेवटी, जाता जाता, डिसेंबर २०२४ मध्ये तीन आठवडे लॅम्प रूममध्ये (खाणीतले दिवे ठेवण्याच्या खोलीत) हलकी ड्यूटी केल्याचे आपण सांगता. ही हजेरी मस्टरवर असेल, तर सलग गैरहजेरी त्यानंतर, जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असा युक्तिवाद करता येतो आणि मुदत जानेवारी २०२७ पर्यंत जाते. त्या महिन्याची पगाराची स्लिप आधी शोधा.

सबळ कारण असल्यास, दावा ज्यांच्यापुढे चालतो ते भरपाई आयुक्त विलंब माफ करू शकतात, म्हणून तसा अर्ज पर्यायी म्हणून दाव्यासोबतच जोडावा. पण ‘युनियनवाले थांबा म्हणाले’ हे कारण टिकेल, अशी हमी मी देणार नाही. रजेच्या अर्जांवर ‘घरगुती कारण’ लिहिण्याची दुर्बुद्धी आपल्याला का झाली, हे तर मला कळतच नाही. आता दवाखान्याच्या तारीखवार कागदांनीच ते खोडून काढावे लागेल.

आजाराबाबत मी जपून बोलतो. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे व्यावसायिक आजारांच्या यादीत, डिझेलचा धूर नावानिशी नाही. नायट्रस धुराची (नायट्रोजनच्या ऑक्साइड वायूंची) विषबाधा आहे, आणि सिलिकोसिससारखे धुळीचे आजार आहेत. आपले निदान त्यांत बसते का, हे छातीरोगतज्ज्ञाकडून लेखी घ्या, कारण यादीबाहेरच्या आजाराला कलम ३(४) आडवे येते: तो थेट कामावरच्या अपघाती इजेमुळे झालेला नसेल, तर भरपाई नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हा धूर कर्करोगकारक ठरवल्याचे जे कात्रण आपण जोडले आहे, ते कर्करोगाचे निदान नसताना उपयोगाचे नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या अधिनियमाच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी गैरहजेरी त्याआधीची असल्याने जुना कायदाच लागावा, असे माझे मत आहे. समोरचे वकील त्यावरही दोन-चार तारखा खातील.

व्यवस्थापकाला आजाराची लेखी नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा, आणि खाण नियम, १९५५ खाली झालेल्या आपल्या नियतकालिक वैद्यकीय तपासण्यांच्या प्रती तीतच मागा.