ग्रामर बरोबर, तरी जर्मन बी१चंच का वाटतं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात आयटीत आहे, जर्मनीत मास्टर्सला जायचंय. गोएथे इन्स्टिट्यूटच्या सी१ला, म्हणजे वरच्या पातळीच्या जर्मन परीक्षेला, बाकी तिन्ही मॉड्यूल निघाले, लेखनात ५३ आले, पासिंग ६०ला. सर म्हणतात चुका फारशा नाहीत पण वाचायला बी१, म्हणजे मधल्या पातळीचं वाटतं. अजून अवघड शब्द पाठ करू का? सोबत होमऑफिसवरचा माझा पॅरा पाठवतेय.

उत्तर: अगं शब्द पुरेसे आहेत तुझ्याकडे, शब्दांचं नंतर बघू. आणि टेन्शन घेऊ नकोस, २०२४ पासून सी१ मॉड्यूलवार झालीय त्यामुळे फक्त लेखनच परत द्यायचं, ७५ मिनिटांत दोन मजकूर, एक मत मांडणारा साधारण २३० शब्दांचा आणि एक १२०च्या आसपासचा फॉर्मल मेसेज.

तुझा पॅरा वाचला. जवळजवळ प्रत्येक वाक्य 'इश'ने, म्हणजे 'मी'ने सुरू होतं, इश हाबं, इश मुस, इश फिंडं... या वाक्यांत चूक नाही, पण वाक्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. जर्मनमध्ये क्रियापद दुसऱ्या जागी पक्कं, पण पहिली जागा मोकळी असते आणि तिथे मागच्या वाक्यातला धागा आणून ठेवायचा. उदाहरणार्थ 'होमऑफिस श्पार्ट मिअर डेन आर्बाइट्सवेग', म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, आणि लगेच पुढे 'डी गेवोनेनं त्साइट फेअब्रिंगं इश मिट माइनर फामिलिए', म्हणजे तो वाचलेला वेळ मी घरच्यांसोबत घालवते. वाचलेला वेळ पुढे आला, 'इश' क्रियापदाच्या मागे गेला, झालं काम.

'वाइल'चं, म्हणजे 'कारण'चं वाक्य आपल्याला सोपं जातं कारण मराठीतही क्रियापद शेवटीच येतं, घोळ होतो तो 'वाइल'ने सुरुवात केली की. स्वल्पविरामानंतर मुख्य वाक्याचं क्रियापद लगेच हवं, तिथे तू तीनदा कर्ता घातलायस.

आता शब्द. एकटे पाठ करूच नकोस, जोडीने कर. निर्णय 'घेतात' म्हणून तू 'नेमेन' लिहिलंस, तिथे 'ट्रेफेन' लागतं. प्रश्न विचारायचा तर 'श्टेलेन'. डीडब्ल्यूडीएस नावाची जर्मन डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, त्यात वोर्टप्रोफील उघडलं की त्या नामासोबत कुठली क्रियापदं चालतात ते दिसतं.

नामांची लांबलचक साखळी मात्र सगळीकडे लावू नकोस, क्लासमध्ये ते फार डोक्यात भरवतात. 'आउफग्रुंड' (च्या कारणाने) वगैरे फॉर्मल मेसेजमध्ये शोभतं, मत मांडताना दर ओळीला आलं तर सरकारी नोटीस वाटते.

रोज नवीन निबंध नको. हाच पॅरा परत लिही, आधी फक्त वाक्यांच्या सुरुवाती बदल, मग नाम-क्रियापदाच्या जोड्या तपास. चॅटजीपीटीला दिलास तरी चुका फक्त दाखवायला सांग, दुरुस्त तूच कर, नाहीतर तो छान लिहून देईल आणि परीक्षेत तू परत 'इश'वर येशील. पुढच्या वेळी जुना आणि नवा दोन्ही पॅरा पाठव.