लोडसेलचा सिग्नल वाढवायचा कसा, आणि शून्य बसवायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरची दाळमिल, ३० किलोचे कट्टे, ५० किलोचा लोडसेल (वजनाचं बारीक व्होल्टेज करणारा सेन्सर), २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा (दिलेल्या दर व्होल्टमागे पूर्ण वजनाला २ मिलिव्होल्ट), आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्याच ५ व्होल्टवर. एलएम३५८ हा साधा ॲम्प्लिफायर आयसी लावून सिग्नल ५०० पट केला. सकाळी शून्य केलेला काटा दुपारी रिकामाच पाऊण किलो दाखवतो, आणि कट्टा भरत आला की २९ किलोच्या आसपास अडकून बसतो.

मी जालन्याच्या मोंढ्यात काटे दुरुस्त करतो. भाऊ, तुमच्या लोडसेलला काही झालेलं नाही.

५ व्होल्टवर पूर्ण ५० किलोला हा सेल १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे किलोला २०० मायक्रोव्होल्ट. एलएम३५८ चा स्वतःचा ऑफसेटच (इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक) सहज २ मिलिव्होल्ट असतो, म्हणजे १० किलो! तो तुम्ही पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) फिरवून घालवला असेल, पण तो उन्हाबरोबर सरकतो त्याचं काय? अंशाला साधारण ७ मायक्रोव्होल्ट धरा. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेपासून दुपारपर्यंत २० अंशांचा फरक पडला की १४० मायक्रोव्होल्ट झाले, म्हणजे ७०० ग्रॅम. हाच तुमचा पाऊण किलो.

आणि २९ ला अडकण्याचं कारण असं की ५ व्होल्टवर हा आयसी ३.५ व्होल्टच्या वर जातच नाही. प्लॅटफॉर्म ६ किलोचा आहे म्हणता, वर २९ किलो माल, झाले ३५. तिथे तो संपला.

त्याच्या जागी इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घ्या, म्हणजे दोन तारांमधला बारीक फरक तेवढा वाढवणारा आयसी. आयएनए३३३ चालेल, फक्त पाय बारीक आहेत, अडॅप्टर बोर्ड लागेल. त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो ते, १ अधिक १०० किलोओम भागिले आरजी (गेन ठरवणारा बाहेरचा रेझिस्टर). आरजी २०० ओमचा मेटल फिल्म टाका, गेन ५०१ होतो आणि किलोला जवळपास ०.१ व्होल्ट मिळतो. हिशेब तोंडी करता येतो. गेनसाठी ट्रिमपॉट लावू नका, हमाल कट्टा आपटतात त्या हादऱ्यानेच तो हलतो. बारीक दुरुस्ती प्रोग्राममध्ये करा.

आता शून्याचं. जुन्या तराजूला पासंग बांधायचे, तसा इथे आयएनए३३३ ला रेफ नावाचा पाय आहे, तिथलं व्होल्टेज म्हणजे आउटपुटचं शून्य. तिथे ०.५ व्होल्ट द्या. शून्य व्होल्टवर ठेवलं आणि सेलचं स्वतःचं शून्य थोडं उणे निघालं, तर आउटपुट तळाला चिकटतं आणि काट्याला खालचं काही दिसत नाही. प्लॅटफॉर्मचे ६ किलो सर्किटमध्ये वजा करत बसू नका. रिकामा काटा १.१ व्होल्टवर, भरलेला ४.१ वर, जागा पुरते. टेअर, म्हणजे रिकाम्याचं वजन वजा करणं, प्रोग्रामवर सोडा.

पण ९ किलोओम आणि १ किलोओमचा डिव्हायडर (५ व्होल्टचे ०.५ करणारी रेझिस्टरची जोडी) सरळ रेफला जोडू नका. आतले रेझिस्टर एकमेकांशी जुळवलेले असतात, बाहेरून नऊशे ओम आले की तो मेळ बिघडतो आणि दोन्ही तारांवरचा सारखा गोंगाट आत शिरतो. मध्ये बफर हवा, व्होल्टेज न वाढवता जसंच्या तसं पुढे देणारा. इथे तुमचा काढून टाकलेला एलएम३५८ लावा. हसू नका! त्याचे तेच ७ मायक्रोव्होल्ट इथे ५०१ ने गुणले जात नाहीत. दिवसभराचा सरक १४० मायक्रोव्होल्ट, आणि किलो म्हणजे १,००,००० मायक्रोव्होल्ट. दीड ग्रॅमसुद्धा भरत नाही. पुढे बसवला तर ७०० ग्रॅम खाणारा तोच आयसी मागे निमूट काम करतो.

डिव्हायडर, सेल आणि आर्डुइनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) तिन्ही एकाच ५ व्होल्टवर ठेवा, म्हणजे लाइट वरखाली झाली तरी आकडा हलत नाही.

एवढं करूनही आर्डुइनो उनोचा १० बिटांचा एडीसी ५० ग्रॅमच्या पायऱ्यांनीच मोजणार. फक्त आकडा हवा असेल तर हे सगळं सोडा आणि एचएक्स७११ चं बोर्ड लावा. १२८ पट वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि २४ बिटांचा एडीसी त्यातच असतो. व्होल्टेजच पुढे एखाद्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) द्यायचं असेल तरच वरचा खटाटोप.

सेलची केबल कापून आखूड करू नका, चार तारांचा सेल कारखान्यातून केबलसकट जुळवून येतो. आणि या काट्यावर माल विकणार असाल तर घरी बनवलेला काटा चालत नाही, वैधमापनची पडताळणी आणि शिक्का लागतो.

बदल करून झाला की रिकाम्या काट्याचं व्होल्टेज सकाळी आणि दुपारी मोजून इथेच टाका.