अळूच्या पानात जाळी, तरी एकदल?

प्रश्न : बाई, माझी मुलगी पानांची वही करतेय. समांतर शिरा असल्या तर एकदल (बीत एकच दल असलेलं झाड), जाळीदार असल्या तर द्विदल (बीत दोन दलं असलेलं), असं तिला शिकवलंय. तिने परसातलं अळूचं पान चिकटवून खाली 'द्विदल' लिहिलं, तर शाळेत फुली मिळाली. जाळी तर साफ दिसते. मग चुकलं कुठे?
— एक पालक, शिरोडा

उत्तर : मुलीची नजर चांगली आहे. अळूच्या पानात जाळीच असते आणि अळू एकदलच आहे. सुरण आणि काटेकणगी या कंदांचंही तसंच. शिरांचा नियम बऱ्याच झाडांना लागू पडतो, सगळ्यांना नाही, आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पान पालथं करून उजेडात धरा. देठ जोडलेल्या जागेपासून जाड शिरा फुटतात, पण कडेला भिडत नाहीत. कडेच्या जरा आत एक बारीक शीर पानाभोवती फिरलेली असते, तिला त्या जाऊन मिळतात. जांभळाच्या पानातही कडेलगत अशीच रेघ दिसेल, आणि जांभूळ तर द्विदल!

उलटा नमुना हवा असेल तर किनाऱ्यावरच्या उंडीचं पान आणा. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक शिरा कंगव्याच्या दातांसारख्या दाट आणि सरळ. बघणारा एकदलच म्हणेल, पण उंडी द्विदल आहे.

समांतर शिराही एका तऱ्हेच्या नसतात. बांबूच्या पानात त्या बुडापासून टोकाकडे धावतात. हळदीच्या आणि केळीच्या पानात मधल्या शिरेपासून कडेकडे. श्रावणात पातोळी उकडून पान सोललं की पिठावर तिरप्या रेघा उठलेल्या असतात ना, त्या ह्याच.

मग अळूचं ठरवायचं कशावरून? हाताला खोबरेल लावा, नाहीतर खाज सुटेल, आणि देठ आडवा कापा. स्पंजासारख्या गरात पाणी आणि अन्न नेणाऱ्या वाहिन्यांचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतील, ही एकदलाची खूण. शेजारी भोपळ्याच्या, म्हणजे द्विदलाच्या, पानाचा देठ कापून ठेवा. त्यात ते कडेने गोल बसलेले असतात. हा फरक मुलीला स्वतः पाहू दे.

वहीत 'शिराविन्यास जाळीदार, वनस्पती एकदल' असं लिहायला सांगा आणि कापलेल्या देठाचं चित्र बाजूला काढू दे. वही पुन्हा शाळेत जरूर दाखवा.