वाचकांचे प्रश्न : फिलाडेल्फियाची दक्षता समिती

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. हे सोडवणारे सगळे गोरेच होते का?

उत्तर : मुळीच नाही. १८६०च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ४ लाख ८८ हजार स्वतंत्र काळी माणसं नोंदली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक गुलामीच्या राज्यांतच राहत होती. पळालेल्याला घरात घेणं, नदी उतरवणं, पुढच्या मुक्कामाला पोचवणं ही जोखमीची कामं त्यांतल्या अनेकांनी केली. ओहायो नदीकाठी रिप्ली गावात राहणाऱ्या जॉन पार्कर यांनी १८४५ साली १,८०० डॉलर मोजून स्वतःची सुटका करून घेतली होती. तिथे त्यांचा लोखंडाचा ओतकारखाना होता आणि रात्री होडीतून ते पलीकडच्या केंटकी या गुलामीच्या राज्यातून माणसं आणत. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या गोऱ्या लोकांची मदत मोलाचीच, पण फक्त त्यांचीच नावं घेणं हा या माणसांवर अन्याय आहे.

प्रश्न : पळालेला माणूस फिलाडेल्फियात पोचल्यावर नेमकं काय होई?

उत्तर : पळून आलेल्या गुलामांना आसरा देऊन पुढे पाठवणारी इथली दक्षता समिती डिसेंबर १८५२मध्ये नव्याने उभी राहिली. प्रत्यक्ष काम चौघांकडे होतं आणि त्यांचे प्रमुख होते विल्यम स्टिल. गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत ते १८४७पासून कारकून होते. आलेल्याची आधी बारकाईने विचारपूस होई : नाव, वय, गाव, मालक कोण, तो कसा वागवत होता, मागे कोण राहिलं, यापुढे कोणतं नाव लावणार. हे सगळं स्टिल वहीत लिहून ठेवत. पैसे उकळायला किंवा बातमी काढायला आलेला तोतया अशा प्रश्नांत अडकण्याची शक्यता असे. मग एखाद्या काळ्या कुटुंबात मुक्काम, लागलं तर डॉक्टर, धड कपडे आणि पुढच्या प्रवासाचं भाडं. पायांतल्या जोड्यांचाही खर्च असे. डिसेंबर १८५४मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनहून थॉमस गॅरेट या गोऱ्या क्वेकराने पत्राने कळवलं, की स्वतः गुलामीतून पळून इतरांना सोडवायला परत परत जाणाऱ्या हॅरिएट टबमन सहा पुरुष आणि एका बाईला घेऊन पुढे निघाल्या आहेत. टबमन आणि एका पुरुषाचे जोडे चालून चालून पार झिजले होते, म्हणून गॅरेट यांनी दोन डॉलर दिले आणि स्वखर्चाने घोडागाडी ठरवली.

जुनं आणि नवं नाव एकत्र लिहून ठेवण्याचं मोल स्टिल यांना घरातूनच कळलं होतं. १८५० साली आईवडिलांचा शोध घेत एक प्रौढ गृहस्थ कचेरीत आले. स्टिल प्रश्न विचारत गेले आणि उत्तरांतून उलगडलं, की आईला पळताना दक्षिणेत मागे ठेवावा लागलेला हा आपलाच थोरला भाऊ पीटर. पीटर यांची बायकोमुलं अजून अलाबामात गुलाम होती. त्यांना आणायला सेथ कॉन्क्लिन नावाचे गोरे कार्यकर्ते गेले. ओहायो नदी ओलांडून मंडळी इंडियानात पोचली आणि तिथे पकडली गेली. कुटुंब परत मालकाकडे गेलं, कॉन्क्लिन यांना जीव गमवावा लागला. शेवटी पीटर यांनी गावोगाव फिरून ५,००० डॉलर गोळा केले आणि आपल्याच माणसांची किंमत चुकती केली.

प्रश्न : स्वतंत्र माणसाची कागदपत्रं उसनी घेऊन गुलाम पळत, हे खरं का? त्यांवर वर्णन नसे का?

उत्तर : खरं आहे, आणि वर्णनच घात करी. आपण गुलाम नाही याचा पुरावा म्हणून स्वतंत्र काळे ही कागदपत्रं बाळगत, आणि नाव, वय, रंग, उंची, अंगावरचे व्रण असं सगळं त्यांवर असे. ३ सप्टेंबर १८३८ला बाल्टिमोरहून पळून निघालेल्या, पुढे गुलामगिरीविरोधी वक्ते म्हणून गाजलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्याकडे एका काळ्या खलाशाचा दाखला होता, पण त्यातला माणूस त्यांच्याहून बराच सावळा. तिकीटखिडकीवर कागद नीट तपासला जाई, म्हणून ते खिडकीकडे फिरकलेच नाहीत. गाडी सुटता सुटता चढले आणि भाडं डब्यात भरलं. तपासनिसाने दाखल्याच्या माथ्यावरचा अमेरिकी गरुड पाहिला आणि पुढे गेला. प्रवासाच्या पैशाला हातभार होता अ‍ॅना मरे यांचा. त्या स्वतंत्र होत्या, घरकाम करून कमवत. न्यूयॉर्कमध्ये आसरा दिला डेव्हिड रगल्स यांनी, तेही जन्माने स्वतंत्र काळे. त्यांच्याच घरी अ‍ॅना आणि फ्रेडरिक यांचं लग्न लागलं. दाखला देणाऱ्याचा धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही : कागद दुसऱ्याच्या अंगावर सापडला, की देणारा आणि घेणारा दोघेही गेले.

प्रश्न : मदत करणारा पकडला गेला तर शिक्षा काय?

उत्तर : पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत पाठवण्याच्या १८५०च्या संघीय कायद्याने १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. हाच कायदा पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देऊ देत नसे, आणि त्याला परत पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला १० डॉलर, सोडणाऱ्याला ५ डॉलर अशी फी ठरवून देत असे. राज्यांचे कायदे स्वतंत्र काळ्यांवर याहून क्रूरपणे उलटत. डेलावेअरचे सॅम्युअल बरिस १८४७ साली पकडले गेले, तेव्हा त्यांना ठरावीक मुदतीसाठी विकण्याचीच शिक्षा झाली. लिलावात गुलामांचे व्यापारी त्यांचं अंग चाचपून पाहत होते. बोली जिंकली ती आयझॅक फ्लिंट यांनी. व्यापाऱ्याच्या वेशात त्यांना गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनीच पैसे देऊन पाठवलं होतं, त्यामुळे बरिस सुटले. डेलावेअर राज्याने त्यांना अधिकृत माफी दिली ती २०१५ साली.

प्रश्न : मग स्टिल यांच्या नोंदवह्या कोणाच्या हाती लागल्या नाहीत का?

उत्तर : लागू दिल्या नाहीत. त्या त्यांनी लेबनन दफनभूमीच्या इमारतीत दडवल्या. गुलामी संपल्यावर, १८७२ साली, पळून आलेल्यांच्या नावांसकट त्या त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्या.