दुबईच्या नोकरीसाठी पदवीवर अपोस्टिल चालेल का, की वकिलातीत जावं लागेल?

अपोस्टिल (हेग कराराचे सदस्य देश एकमेकांच्या कागदांवर मानतात तो खरेपणाचा एकच शिक्का) चालणार नाही. भारत 2005 पासून 1961 च्या हेग कराराचा सदस्य आहे, संयुक्त अरब अमिराती नाही. (ओमान आणि सौदीसाठी मात्र अपोस्टिल पुरतं.)

पण पदवी घेऊन थेट मुंबईतल्या वकिलातीत जाऊ नका, हेलपाटा होईल. तुमच्या विद्यापीठाची सही वकिलात ओळखत नाही, ती आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का ओळखते. मंत्रालय त्याआधीच्या अधिकाऱ्याची सही बघतं. प्रत्येक कचेरी फक्त मागच्या पायरीची खात्री करते, म्हणून क्रम मोडता येत नाही. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, शेवटी तिथे पोहोचल्यावर किंवा कंपनीमार्फत अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन. आपलं मंत्रालय कागद थेट लोकांकडून घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. त्यांची नावं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, दुसऱ्या कुणाच्या हातात मूळ पदवी देऊ नका.

शिक्के मूळ कागदाच्या मागे बसतात, त्यामुळे पदवी लॅमिनेट केली असेल तर आधी ते काढून घ्या. बायको-मुलांना नेणार असाल तर विवाह आणि जन्माचे दाखलेही आत्ताच याच रांगेत लावा.