पीएचडीसाठी विद्यापीठ आधी की मार्गदर्शक?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. केले असून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी करत आहे. मराठी शाळेत शिकणारी मुले इंग्रजी वाचायला कशी शिकतात, यावर मला पीएचडी करायची आहे. या विषयासाठी योग्य विद्यापीठ कसे शोधावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपला विषय निश्चित आहे, ही फार चांगली गोष्ट आहे, मात्र शोध विद्यापीठाचा न घेता मार्गदर्शकाचा घ्यावा. पीएचडीची पुढची काही वर्षे कशी जातील, हे विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर अधिक अवलंबून असते.

सुरुवात ‘शोधगंगा’पासून करावी. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. वाचन, द्विभाषिकता, अध्ययन अक्षमता असे शब्द इंग्रजीतून घालून शोधल्यास मार्गदर्शकांची नावे हाती लागतात. प्रबंधाच्या शीर्षकावर विसंबू नये. संशोधन पद्धतीचे प्रकरण उघडावे. मुलांना प्रत्यक्ष वाचायला लावून वेळ आणि चुका मोजल्या आहेत, की शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे? आपल्याला मुलांसमोर बसून काम करायचे असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या मार्गदर्शकाकडे, विषय तोच असूनही, आपले मन रमणार नाही, असे मला वाटते.

केवळ ‘मानसशास्त्र विभाग’ शोधून थांबू नये. आपल्या विषयाचे संशोधन संज्ञान विज्ञानाच्या, म्हणजे मन आणि मेंदू माहिती कशी हाताळतात याचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांतही होते. हैदराबाद विद्यापीठातील सेंटर फॉर न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेसमध्ये द्विभाषिकतेवर काम झाले आहे. अलाहाबाद विद्यापीठातही संज्ञान विज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. आयआयटींच्या मानव्यविद्या विभागांतील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांचे शोधनिबंधही पाहावेत.

नावे निश्चित झाली, की जागांची चौकशी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. विषय जुळूनही प्रवेश हुकतो, तो बहुधा इथेच. शिवाय जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) न मिळालेल्या नेट उमेदवारांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात, म्हणून निकालाची वाट न पाहता हा शोध आजच सुरू करावा.

मार्गदर्शकांना पाठवायचा ईमेल एका पानाहून मोठा नसावा. त्यांचा एखादा निबंध खरोखर वाचून त्यातील कोणत्या मुद्द्यावरून आपला प्रश्न सुचला हे लिहावे, आपल्या एम.ए.च्या प्रकल्पाची माहिती दोन वाक्यांत द्यावी आणि येत्या प्रवेशफेरीत त्यांच्याकडे जागा आहे का, असे स्पष्ट विचारावे. एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. दोन-तीन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे आठवण करून द्यावी, आणि जमल्यास त्यांच्याकडे सध्या संशोधन करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशीही बोलून घ्यावे.